पोतनीसांचे शब्द समोर राहतात

रघुवीर पोतनीसांचे शब्द त्यांना सोडून समोरच्या ब्लॉकमध्ये गिरिजाक्का हिरेमठ यांच्याकडे राहायला गेले. आमच्या सोसायटीत हे सगळ्यांना माहीत आहे आणि आता त्यात कुणाला विशेष काही वाटत नाही. पण शब्द जात होते त्या काळात पोतनीसांच्या बायकोवर, म्हणजे नलिनीबाईंवर, जो प्रसंग आला तो सांगण्यासारखा आहे.

पोतनीस मिरजेच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या खोलीत बसून माइकवर गाड्या पुकारायच्या, हे त्यांचं काम. या कामामुळे त्यांना शब्दाचं शेवटचं अक्षर लांबवायची सवय लागली. बेडगऽ, आरगऽ, सलगरेऽ. घरी आले तरी ही सवय सुटत नसे. जेवताना ते 'आमटीऽ' म्हणत आणि नलिनीबाई ती फलाटाला गाडी लागावी तशी त्यांच्या ताटाशी आणून लावत. मूलबाळ नव्हतं. घरात माणसं दोन आणि बाकी सगळी जागा पोतनीसांच्या बोलण्याने भरलेली. निवृत्त झाल्यावर तर बोलायला त्यांना दिवसभर नलिनीबाईच उरल्या, आणि त्यांची त्याबद्दल तक्रार नव्हती.

गिरिजाक्का अथणीकडच्या. नवरा गेल्यावर मुलाने त्यांना मिरजेत ब्लॉक घेऊन दिला आणि तो बंगळूरला गेला. त्या स्वतःशी, मुलाशी आणि देवाशी कानडीत बोलत. मराठी त्यांच्याकडे भाजी घेण्यापुरतं होतं, तेही लिंग चुकवून. "वैनी, आज पाणी आला नाही काय?" एवढं बोलल्या की त्या दमल्यासारख्या हसत आणि दार लावून घेत. त्यांचा हेवा करावा असं नलिनीबाईंना कधी काही दिसलं नव्हतं.

सगळ्यात आधी 'गाळणं' गेलं. पोतनीस चहा करायला ओट्याशी उभे राहिले आणि हात हवेत धरून म्हणाले, "ते कुठे आहे, आपलं ते?" नलिनीबाईंनी गाळणं दिलं. ते हातात घेऊन त्यांनी उलटसुलट पाहिलं, चहा बरोबर गाळला, पण त्याचं नाव काही घेतलं नाही. वय झालं की असं होतं, असं नलिनीबाईंना वाटलं. त्याच दिवशी दुपारी गिरिजाक्का शेंगाचटणीची वाटी घेऊन आल्या. दारातच म्हणाल्या, "वैनी, माझं गाळणंऽ तुटला."

शब्दाच्या शेवटी जे लांबवणं होतं ते नलिनीबाईंनी ऐकलं. त्यांनी वाटी घेतली आणि दार लावलं.

पुढच्या काही आठवड्यांत 'किल्ली' गेली, 'उशी' गेली, 'रविवार' गेला. पोतनीस किल्लीसाठी खिसा दाखवत आणि उशीसाठी मान वाकडी करत. सकाळी जे त्यांना सापडत नसे ते संध्याकाळपर्यंत समोरच्या दारातून ऐकू येई. तरी नलिनीबाई स्वतःला समजावत होत्या, की किल्ली आणि उशी कुणाच्याही घरात असतात. मग एके दिवशी गिरिजाक्का गॅलरीत मिरच्या वाळत घालत होत्या आणि एकेक मिरची पसरताना, कुणाला ऐकवण्यासाठी नाही, अगदी सहज म्हणत होत्या, "सलगरेऽ. सलगरेऽ." गिरिजाक्का जन्मात कधी सलगऱ्याला गेल्या नव्हत्या.

नलिनीबाई पोतनीसांना घेऊन मेंदूच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर म्हेत्रे तरुण होत्या आणि त्यांना घाई नव्हती. त्यांनी मेंदूचे फोटो काढायला लावले, पोतनीसांना चित्रं दाखवली, नलिनीबाईंना बरंच काही विचारलं. मग त्यांनी समजावून सांगितलं, की मेंदूच्या डाव्या बाजूला भाषेचा जो भाग असतो तो हळूहळू झिजत चालला आहे. स्मरण बरंच शाबूत आहे. माणसं ओळखतील, रस्ता चुकणार नाहीत, पत्ते खेळतील. पण शब्द धरून ठेवायची ताकद कमी होत जाईल, आणि ती परत येत नाही.

"शब्द कुठे जातात ते लक्षात आलंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"समोरच्या ब्लॉकमध्ये," नलिनीबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. जिना एकच आहे का, तेही विचारलं. एकच आहे म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं. त्यांच्या एका पेशंटचे शब्द सोलापूरला जावयाकडे गेले होते आणि त्या घरच्यांची फार ओढाताण होत होती. दुसऱ्या एकाचे तर कुठे गेले ते अजून सापडले नव्हते.

मग त्यांनी घरी कसं वागायचं ते सांगितलं. एका वेळी एकच गोष्ट बोला. टीव्ही बंद करून बोला. बोलताना वस्तू दाखवा, हातवारे करा. ते शब्द शोधत असतील तर थांबा, लगेच पुरवू नका. "हे काय आहे, सांगा पाहू" असं विचारून परीक्षा घेऊ नका, त्याने माणूस खचतो. खिशात एक कार्ड ठेवा, त्यावर लिहा, की मला ऐकू येतं, मी वेडा नाही, बोलायला वेळ लागतो. आणि जे शब्द हवेच आहेत ते रोज वापरात ठेवा. वापरातले शब्द उशिरा जातात.

नलिनीबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी जे विचारायचं म्हणून आल्या होत्या ते विचारलं. शब्द जाणारच असतील तर ते आपल्याकडे का येत नाहीत? दोघं एकाच घरात राहतात, एकाच पलंगावर झोपतात. समोरच्या बाईंचा आणि आपल्या नवऱ्याचा संबंध जिन्यात नमस्कार करण्याइतका.

"तुमच्याकडे ते शब्द आधीच आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांना रिकामी जागा लागते."

घरी येताना रिक्षात नलिनीबाई तेच वाक्य मनात घोळवत होत्या. आयुष्यभर नवऱ्याची भाषा ऐकून ऐकून स्वतःत भरून घेतली, आणि त्याच कारणासाठी आता आपल्याकडे जागा नाही, हे त्यांना पटलं होतं. पण सहन होत नव्हतं. जिना चढताना गिरिजाक्कांचं दार उघडं होतं. आत कुकरची शिट्टी झाली आणि त्या म्हणाल्या, "कुकरऽ." नलिनीबाईंना वाटलं, ही बाई मुद्दाम करते आहे.

दुसऱ्या दिवसापासून नलिनीबाईंनी जागा करायला घेतली. पोतनीसांचे उरलेले शब्द निघतील तेव्हा आपल्याकडे जागा हवी, म्हणून त्यांनी आपल्याकडचे शब्द काढून टाकायचं ठरवलं. सुरुवात त्यांनी 'चष्मा'पासून केली, कारण पोतनीस तो शब्द हल्ली चाचपडत होते. त्या चष्म्याला 'ते' म्हणू लागल्या. मग टोपलीला 'ते', पोळीला 'ते', शेजारच्या देवळालाही 'ते'. वाण्याकडे जाऊन त्यांनी "ते द्या, अर्धा किलो" असं सांगितलं आणि वाण्याने रवा दिला तो मुकाट्याने घरी आणला. दोघंही दिवसभर 'ते' म्हणत वावरत. पोतनीसांना यात बरं वाटत असावं, कारण त्या दिवसांत ते जरा हसरे होते.

पण शब्द टाकून देणं नलिनीबाईंना जमेना. तोंडाने 'ते' म्हटलं, तरी आत 'चष्मा' बसलेलाच असे, उलट नेहमीपेक्षा जास्त लख्ख. आणि एका सकाळी पोतनीस नाकावर बोटं ठेवून नुसतेच उभे राहिले. नलिनीबाई डोळे मिटून वाट पाहत बसल्या. संध्याकाळी गिरिजाक्का खाली भाजीवालीला सांगत होत्या, "थांब, चष्माऽ घालून येतो."

तेव्हा नलिनीबाईंनी सोसायटीकडे अर्ज केला.

आमचे सेक्रेटरी मगदूम हे नियमाला धरून चालणारे गृहस्थ आहेत. त्यांनी रविवारी बैठक बोलावली आणि दोन्ही बाजूंना समोर बसवलं. नलिनीबाईंचं म्हणणं असं होतं, की ब्लॉक पाचमधली मालमत्ता ब्लॉक सहामध्ये जात आहे आणि ती परत मिळावी. मगदूम म्हणाले, की वाऱ्याने दुसऱ्याच्या गॅलरीत पडलेले कपडे परत करायचे, असा सोसायटीचा नियम आहे, आणि तो शब्दांना लावायला समितीची हरकत नाही. मात्र कपडे पडणं हे त्या गॅलरीवाल्याच्या हातून घडलेलं नसतं, तेव्हा ब्लॉक सहावर कुठलाही ठपका येत नाही. पाण्याच्या बिलात वाढ करण्याचा प्रश्न उद्भवत नाही, असंही त्यांनी नोंदवून घेतलं.

गिरिजाक्का हात जोडून उभ्या राहिल्या. "मी बोलावत नाही, वैनी," त्या म्हणाल्या. "भांडी घासताना येऊन जिभेवर बसतंय. नाही बोललं तर घसा दुखतोय. घेऊन जावा तुमचं तुम्ही."

त्याप्रमाणे गिरिजाक्का रोज संध्याकाळी पोतनीसांकडे शब्द परत द्यायला येऊ लागल्या. खुर्चीवर बसायच्या, पदर सावरायच्या आणि एकेक शब्द पोतनीसांसमोर म्हणायच्या. किल्लीऽ. उशीऽ. आरगऽ. पोतनीस ऐकत. शब्द त्यांच्यापर्यंत पोचत, पण दोरीवर चिमटा नसलेल्या कपड्यासारखे लगेच खाली घसरत आणि गिरिजाक्कांबरोबर परत जात. एकही राहिला नाही. राहायचा तो पोतनीसांच्या चेहऱ्यावरचा भाव. कुणीतरी गावाकडचं माणूस परक्या शहरात भेटावं तसे ते गिरिजाक्कांच्या तोंडाकडे बघत. थोडे पुढे झुकत. कधी कधी ओठ हलवत.

नलिनीबाई समोर बसून वाटाणे सोलत आणि हे बघत. आपल्याकडे नवऱ्याने असं शेवटचं कधी पाहिलं होतं, ते त्यांना आठवेना. त्या डॉक्टरांनी सांगितलं तसं सगळं करत होत्या. टीव्ही बंद ठेवत, थांबत, हातवारे करत, त्यांच्या खिशात कार्ड घालत, आंघोळीचं पाणी काढताना बादलीवर हात ठेवून "बादली" म्हणत. पोतनीस त्यांच्याशी चांगलं वागत, सांगितलेलं करत. पण सहा वाजत आले की ते केस विंचरून दाराशी जाऊन उभे राहत. ते केस विंचरणं नलिनीबाईंना फार लागलं. गिरिजाक्का आल्या की नलिनीबाई चहा मुद्दाम कमी साखरेचा करत. गिरिजाक्का तो पिऊन "छान" म्हणत, आणि तेही पोतनीसांसारखं.

नलिनीबाईंचं एक नाव होतं जे तोवर पोतनीसांखेरीज कुणाला माहीत नव्हतं. लग्नाच्या आधी त्या आईवडिलांबरोबर नृसिंहवाडीची जत्रा करून परत येत होत्या. जत्रेसाठी एसटीने जादा गाडी सोडली होती. ती मिरजेच्या स्टँडवर लागली, त्यातून नलिनीबाई उतरल्या आणि काचेच्या खोलीतून पोतनीसांनी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. वेळापत्रकात नसलेली गाडी, असं ते म्हणत. लग्नानंतर एकटे असले की ते त्यांना 'जादा' अशी हाक मारत. त्यांचे इतर बरेच शब्द गेल्यावरही ही हाक राहिली होती, कारण ती वापरातली होती. नलिनीबाई ती वापरात ठेवत होत्या. दिवसातून कितीदा तरी स्वयंपाकघरात जाऊन त्या उगीच एखादं भांडं आपटत, म्हणजे पोतनीस बाहेरून हाक मारत.

एका गुरुवारी भांडं आपटलं आणि बाहेरून आवाज आला, "ए... ए." नलिनीबाईंनी आणखी एक भांडं आपटलं. पोतनीस स्वयंपाकघराच्या दारात आले, त्यांच्याकडे बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं.

नलिनीबाईंनी गॅस बंद केला आणि समोरची बेल वाजवली. गिरिजाक्कांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या गळ्याभोवती शाल गुंडाळलेली होती आणि हातात गरम पाण्याचा पेला होता.

"आलं का?" नलिनीबाईंनी विचारलं.

गिरिजाक्कांनी मान हलवली. सकाळीच आलं होतं. कुणाचं आहे ते आल्याबरोबर कळलं, म्हणून त्यांनी ते बोललं नव्हतं. घसा सुजला होता. त्यांचं मराठी एव्हाना पुष्कळ सुधारलं होतं, पण त्या क्षणी त्या फक्त खुणेने सांगत होत्या.

"म्हणा," नलिनीबाई म्हणाल्या.

गिरिजाक्कांनी हातानेच नको म्हटलं. नलिनीबाई दारातून हलेनात. शेवटी गिरिजाक्कांनी पेला खाली ठेवला, शाल सोडली आणि म्हटलं, "जादाऽ."

ते अगदी बरोबर म्हटलं गेलं. सुरुवात हलकी, शेवट लांब, आणि मधे ते थोडं हसू. एखादा सूर इकडचा तिकडे झाला असता तर नलिनीबाईंनी कदाचित सोडून दिलं असतं. त्या परत आल्या, कडी लावली आणि गिरिजाक्कांचं येणं त्या दिवसापासून बंद केलं.

पोतनीस रोज केस विंचरून बंद दाराशी उभे राहत. नलिनीबाई त्यांना हाताला धरून आणून बसवत आणि पत्ते वाटत. पोतनीस पत्ते चांगले खेळत. हरल्यावर रुसत नसत आणि जिंकल्यावर सांगत नसत. घरात पत्त्यांचा आवाज तेवढा होता. भिंतीपलीकडून मात्र सबंध दिवस बोलणं ऐकू येई, कारण आता पोतनीसांची क्रियापदंही निघाली होती आणि गिरिजाक्का पूर्ण वाक्यं बोलत होत्या, फोनवर मुलाशीसुद्धा. मुलाला ते कळत नसे आणि तो बंगळूरहून मगदूमांना फोन करून आईची चौकशी करी.

अशातच एका दुपारी भिंतीपलीकडून हाक आली. "शर्वरीऽ." थोड्या वेळाने पुन्हा, "शर्वरीऽ, ये बाळ." पण 'ये बाळ' नलिनीबाईंना ऐकू आलं नाही. त्यांना नाव तेवढं ऐकू आलं.

शर्वरी नावाचं कुणी त्यांच्या माहेरी नव्हतं, सासरी नव्हतं, स्टँडवर नव्हतं. नलिनीबाईंनी पोतनीसांच्या आयुष्यातली सगळी माणसं मनात ओळीने उभी केली. रजेचे दिवस आठवले. ते एकदा पुण्याला ट्रेनिंगला गेले होते ते आठवलं, तिथून त्यांनी आणलेली हिरवी साडी आठवली. ती त्यांनी कपाटातून काढली, नीट पाहिली आणि कामवालीला देऊन टाकली. पोतनीसांना त्या काही विचारू शकत नव्हत्या. विचारलं तरी त्यांच्याकडे उत्तर द्यायला काही उरलं नव्हतं. उत्तर समोर राहत होतं. त्यांनी काही दिवस पत्तेही वाटले नाहीत. पोतनीस जेवणाच्या टेबलावर स्वतःच दोघांचे पत्ते वाटून वाट बघत बसत.

शेवटी त्या गेल्या. गिरिजाक्कांनी त्यांना आत बोलावलं, खुर्ची दिली.

"कोण ही शर्वरी?" नलिनीबाईंनी विचारलं.

 गिरिजाक्कांनी सांगितलं, की आलेला प्रत्येक शब्द बोललेलाच असतो असं नाही. काही शब्द माणसाने नुसते मनात म्हटलेले असतात. ते उशिरा निघतात आणि जड असतात. ते येतात तेव्हा त्यांना थोडंसं काहीतरी चिकटून येतं, जसं उपटलेल्या रोपाला माती येते तसं.

"याला काय चिकटलं होतं?"

"रिबिनी," गिरिजाक्का म्हणाल्या. "लाल. आणि दुधाचा दात पडलेला. सहा-सात वर्षांची असेल. रोज स्टँडवरून घरी येताना ते तिला हाक मारत होते, मनात. दारापर्यंत. तुम्ही दार उघडलंत की थांबत होते."

नलिनीबाई बसून राहिल्या. भिंतीवर गिरिजाक्कांच्या नवऱ्याचा फोटो होता, खाली मुलाचा, नातवंडांचा. त्या सगळ्यांकडे त्यांनी एकदा बघून घेतलं. नवऱ्याने एवढी वर्षं एक मुलगी सांभाळली होती आणि आपल्याला वाईट वाटेल म्हणून कधी घरात आणली नव्हती. आणि आता तीही इकडेच आली होती. नलिनीबाईंना जे वाटलं त्यात दुःख होतं, पण दुःखापेक्षा हेवा मोठा होता, आणि हे त्यांनी लपवलं नाही.

"माझ्या आधी तुम्हाला भेटली," त्या म्हणाल्या.

"हो," गिरिजाक्का म्हणाल्या. "मला घरी आणून सोडता आली असती तर आणली असती."

त्या दिवशी दोघींमध्ये जे ठरलं ते आजही चालू आहे. आलेला शब्द, बोललेला असो की मनातला, गिरिजाक्कांनी आधी नलिनीबाईंना सांगायचा आणि मग वापरायचा. 'जादा' हा शब्द घसा दुखला तर फक्त नलिनीबाईंसमोर म्हणायचा. शर्वरीला हाक मारायची तर दोघींनी मिळून मारायची, संध्याकाळी, गॅलरीतून. मगदूमांनी यावर हरकत घेतली नाही. मात्र हाक मारण्याची वेळ दुपारच्या विश्रांतीची नसावी, एवढं त्यांनी सुचवलं.

पोतनीस हळूहळू पूर्ण रिकामे झाले. 'ते' गेलं, 'हो' आणि 'नाही' गेलं, शेवटी 'ए' गेलं. डॉक्टर म्हेत्र्यांनी तपासून सांगितलं, की भाषेचं स्थलांतर पूर्ण झालं आहे. यापुढे त्यांच्याशी हातांनी बोला, चेहऱ्याने बोला, जवळ बसा, आणि ते काही समजत नाहीत असं धरून त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोलू नका. नलिनीबाईंनी ते पाळलं. पोतनीस फिरायला जात, झाडांना पाणी घालत, कपडे घडी करत. एसटीचा हॉर्न लांबून ऐकू आला की मान वर करत.

आता संध्याकाळी तिघं एकत्र चहा घेत. कधी पोतनीसांकडे, कधी गिरिजाक्कांकडे. गिरिजाक्कांचं मराठी एव्हाना सोसायटीत सगळ्यांत चांगलं झालं होतं आणि गणपतीत सूत्रसंचालन त्यांच्याकडे आलं होतं. नलिनीबाई आपली खुर्ची पोतनीसांच्या आणि गिरिजाक्कांच्या बरोबर मधे ठेवत. कितीही ठरलं असलं तरी नवऱ्याची नजर समोर जाते की नाही हे त्या बघत असत, आणि गेली की त्यांच्या हातात बिस्कीट देत. मनातून त्यांना अजूनही वाटे, की खरा संसार समोरच्या ब्लॉकमध्ये चालला आहे आणि आपल्याकडे नुसती इस्त्रीची कामं उरली आहेत.

एका संध्याकाळी चहा चालू असताना गिरिजाक्का एकदम थांबल्या. काहीतरी सबंधच आलं आहे, म्हणाल्या, एक शब्द नव्हे, अख्खी गोष्ट. नलिनीबाई म्हणाल्या, सांगा.

गोष्ट एका वऱ्हाडाची होती. ऐन लग्नसराईत एक वऱ्हाड चुकून दुसऱ्याच गाडीत बसलं, दुसऱ्याच गावात उतरलं, तिथेही लग्न होतं म्हणून मांडवात शिरलं. पंगतीला बसलं, जिलेबीला नावं ठेवली, आहेर करून, पान खाऊन स्टँडवर परत आलं, आणि नवरदेव तेव्हापासून चौकशीच्या खिडकीशी फेटा बांधून उभा होता. पोतनीस ही गोष्ट लग्न झाल्यापासून सांगत होते. पाहुण्यांना सांगत, पाहुणे नसले तर नलिनीबाईंना सांगत. नलिनीबाई पहिल्या वर्षी हसल्या होत्या. पुढे पुढे ती सुरू झाली की त्या उठून कढई घासायला घेत.

गिरिजाक्कांनी ती तशीच्या तशी सांगितली. जिलेबीपाशी थांबायचं तिथे थांबल्या. नवरदेवाचा फेटा दोन्ही हातांनी दाखवला. आणि नलिनीबाईंना हसू आलं. आधी त्यांनी ते पदराने दाबलं, मग त्यांना ते आवरेना. त्या खुर्चीच्या दांड्याला धरून हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि गिरिजाक्कांच्या गुडघ्यावर हात मारून म्हणाल्या, "अक्का, पुन्हा सांगा ते, जिलेबीचं."

पोतनीसांनी कप खाली ठेवला. ते नलिनीबाईंकडे बघत होते. मग गिरिजाक्कांकडे बघितलं, मग गुडघ्यावरच्या त्या हाताकडे. त्यांची मान लाल झाली. ते उठले, आपली खुर्ची फरशीवरून ओढत आणली आणि दोघींच्या मधे घातली. तिथे जागा नव्हती, तरी घातली. गिरिजाक्कांकडे पाठ करून बसले. नलिनीबाईंचा हात त्यांनी उचलला, आपल्या मांडीवर ठेवला आणि वरून स्वतःचा हात दाबून धरला.

 पोतनीसांच्या पाठीमागून गिरिजाक्कांनी हळूच विचारलं, ते रागावले आहेत का, समजूत घालू का, माझ्याकडे त्यांचे शब्द आहेत.

नलिनीबाईंनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहून घेतलं. एवढ्या संसारात तो कधी असा झालेला त्यांनी पाहिला नव्हता. त्या खुर्चीत सरळ बसल्या आणि मोकळ्या हाताने केस सारखे केले.

"नको, अक्का," त्या म्हणाल्या. "थोडा वेळ रागावू देत त्यांना."